कर्टिसचं सोडपत्र

हॅलोरन, सस्कॅचेवान
२० नोव्हेंबर २००५

लॉर्ना,

फोन केला की तू ठेवतेस. मंगळवारी ठेवलास. शुक्रवारी तर मी तोंड उघडायच्या आत ठेवलास, म्हणजे नंबर दिसणारा फोन घेतलेला दिसतोय. म्हणून हे पत्र. फाडायचंच असेल तर वाचून फाड.

मी दमलेय गं. काल आइस हॉकीच्या रिंकच्या स्वयंपाकघरात आम्ही चौघींनी बटाट्याचं सारण भरून पाचशे पेरोगी वळल्या, त्यातल्या दोघी सत्तरीच्या पुढच्या. नव्या पोरींना बटाटा कुठल्या बाजूने सोलायचा तेही ठाऊक नाही. बावीस वर्षं क्लबची चिटणीस आहे मी, आणि दर शरद ऋतूत म्हणते की हे शेवटचं. मेट्रो हृत्साय, आमचा अध्यक्ष, मान डोलावतो आणि पुढच्या वर्षीची वही माझ्याच हातात ठेवतो.

को-ऑपच्या कॅफेत सकाळी नऊला अजून तीच म्हातारी मंडळी बसतात. फासे टाकतात, हरेल तो कॉफीचे पैसे देतो. चिटणीस म्हणून मलाही तिथे खुर्ची आहे. यंदा एकच विषय. मोठ्या लीगनं गेला अख्खा हिवाळा पगाराच्या भांडणात बुडवला आणि आता पगाराला मर्यादा घालून खेळ पुन्हा सुरू केला, तर आमच्या आठ गावांच्या लीगनंही घातली. नियम मी लिहिला, तुला कळलं असेलच. बाहेरून आणलेले खेळाडू तीनच, आणि सगळ्यांना मिळून हंगामाचे सहा हजार डॉलर, वर एक पै नाही. खेळाडूला क्लब बदलायचा तर जुन्या क्लबच्या चिटणिसानं सही केलेलं सोडपत्र हवं, आणि त्यावर दहा जानेवारीचा किंवा त्याआधीचा पोस्टाचा शिक्का हवा. उशीर झाला तर कोणत्याही कारणाने चालणार नाही. लहान गावांना वाली नको का कुणी?

एल्मर फ्रोझेनला पटत नाही. धान्याच्या कोठारावरून रिटायर झाल्यापासून त्याला काहीच पटत नाही. तुमच्या गावावरून म्हणाला, "बोस्टॉकच्या पोटात पोटॅशची खाण आहे आणि आपल्या पोटात दगड. मर्यादा घातली म्हणून दगडाचं पोटॅश होतं का?"

मेट्रो म्हणाला, "नियम आहे ना? पाळतील."

"पाळतील की! पाकीट नाही देणार. खाणीत नोकरी देतील. मग बस तू वही घेऊन."

तू विचारलं नाहीस तरी सांगते, तुझा पोरगा कर्टिस बरा आहे. सहा सामन्यांत अकरा गोल. डावा गुडघा थंडीत कुरकुरतो, पण ऐकतोय कोण. त्याच्या टान्याला पाचवा महिना... नाही, अजून चौथाही लागला नाही. मे महिन्यात बाळ येईल. दोघं माझ्याच तळघरात आहेत, घर तापवायची भट्टी मी नवीन बसवली.

गुरुवारी आमच्या रिंकबाहेर तुमच्या बोस्टॉकच्या क्लबच्या अध्यक्षाची गाडी उभी होती म्हणे. तुझ्या कानावर काही असेल तर कळव.

वर्ना


१८ डिसेंबर

लॉर्ना,

नाताळचं कार्ड मिळालं. "लॉर्ना आणि रे." छापील शुभेच्छांखाली दोन नावं, बस. बँकेचं कार्डसुद्धा माझ्याशी याहून जास्त बोलतं.

तर तुला माहीत होतं. कर्टिसनं गेल्या रविवारी जेवताना सांगितलं. कोबीचे रोल केले होते, त्याच्या आवडीचे. दोन खाल्ले, तिसऱ्याला हात लावला आणि म्हणाला, "मावशी, मला सोडपत्र हवंय. बोस्टॉकला जायचंय."

मी म्हटलं, "आधी जेव."

"जेवतोय. पण सोडपत्र हवंय."

मग नोकरीबिकरीचं काहीतरी बोलला. टान्या ताटात बघत होती. मी म्हटलं, फॉर्म मागवते लीगकडून. मागवला. आलाय. सणाची गडबड संपली की सही करून टाकीन.

गावात ही बातमी माझ्या आधी पोहोचली होती. सोमवारी कॅफेत गेले तर फासे कुणी टाकत नव्हतं. मग एल्मरनं सुरुवात केली, "काय वर्नाबाई, भाचा सोडचिठ्ठी मागतोय म्हणे?" मी म्हटलं, हा पगाराच्या मर्यादेला वळसा आहे. खाणीची नोकरी गोल मारल्याबद्दल मिळत असेल तर ती पगारातच धरली पाहिजे. एका नोकरीत सहा हजार कधीच उडाले. मग बोस्टॉकच्या बाहेरच्या खेळाडूंना एक दमडी मिळता कामा नये. आयत्या बिळावर नागोबा! पोर आम्ही वाढवलं, आम्ही बर्फावर उभं केलं, आणि कप यांचा.

मेट्रो म्हणाला, "नोकरी ही नोकरी असते, वर्ना. माणूस आठ तास जमिनीखाली राबणार. ते पगारात कसं धरायचं?"

एल्मर म्हणाला, "धरायचंच तर मग वर्नाच्या तळघराचं भाडंही धरा! तेरा वर्षं फुकट राहतोय पोरगा, कोबीचे रोल वेगळे. मर्यादा आपणच मोडली की राव!"

सगळे हसले. मेट्रोसुद्धा हसला. मी माझी कॉफी तशीच टाकून उठले. माझ्या घरचं जेवण काय पगार आहे? तूच सांग.

सही करीन म्हटलंय, करीन. रेला नमस्कार सांग.

वर्ना


१५ जानेवारी २००६

लॉर्ना,

तुझ्यापर्यंत बातमी आलीच असणार. सोडपत्र लीगच्या कचेरीत पोहोचलं नाही.

मी ते चार तारखेला पोस्टात टाकलं होतं. बुधवार होता. बाहेर उणे चौतीस, इंजिन गरम राहावं म्हणून रात्रभर विजेची वायर लावूनही गाडी सुरू होईना, म्हणून चालत गेले. राखाडी कोट घातला होता. पोस्टातली मार्ज खिडकीवर होती. तिकिटं घेतली. नंतर दोन दिवस बर्फाचं वादळ, रस्ते बंद, टपालाची गाडी कुठेतरी अडकली असेल. अशी टपालं गहाळ होतात. गावातल्या बार्बच्या मुलीची लग्नपत्रिका जूनमध्ये अशीच हरवली नव्हती का?

कर्टिसला सांगितलं. ऐकून घेतलं आणि खाली गेला. टान्या मात्र बोलली. "मावशी, तुम्ही बावीस वर्षं हे काम करताय. एवढा कागद रजिस्टर्ड नाही केलात?" मी म्हटलं, अगं, साधं टपालही पोहोचतं. ती म्हणाली, "पोहोचलं नाही ना पण!" आणि रडत खाली गेली. अशा अवस्थेत तिनं इतकं मनाला लावून घेऊ नये.

मी लीगला फोन केला. म्हटलं, काही करता येईल का. म्हणाले, नियम स्पष्ट आहे. आता एवढ्या हंगामाचाच तर प्रश्न आहे. पुढच्या वर्षी जाईल हवं तर. हॉकीच आहे शेवटी, कुणाचा जीव तर गेला नाही.

कर्टिस शनिवारी खेळला नाही. गुडघा दुखतो म्हणाला.

तुला काय वाटत असेल ते मला माहीत आहे. पण मनात काही धरू नकोस.

तुझी,
वर्ना


५ फेब्रुवारी

लॉर्ना,

तुझं पत्र मिळालं. तेरा वर्षांतलं पहिलं, आणि त्यात एकच ओळ. "वर्ना, कागद कुठे आहे?" 'ताई'सुद्धा लिहिलं नाहीस.

सांगते. पण आधी हे ऐक, कारण गेले तीन आठवडे माझे कसे गेले ते कुणाला तरी सांगायलाच हवं, आणि तुझ्याशिवाय माझं आहे कोण.

सोळा जानेवारीला मी कॅफेत गेले तर माझ्या जागेवर दालचिनीचा बन ठेवलेला. अजून गरम. एल्मर म्हणाला, "चिटणीसबाईंना आमच्यातर्फे! कागद हरवला म्हणे, अरेरे!" आणि डोळा मारला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. "वर्ना, शाब्बास! बोस्टॉकची चांगली जिरवली." रिंकवर बायका माझा हात दाबून जातात. इतकं कौतुक मला जन्मात कुणी केलं नाही, लॉर्ना. वीस वर्षं तुंबलेले संडास साफ केले तेव्हा एकानं आभार मानले नाहीत.

तो बन मी खाल्ला. चांगला होता.

मग बोस्टॉकच्या क्लबनं पोस्टाकडे तक्रार केली. मार्जची चौकशी करायला शहरातून माणूस आला. तिनं सगळे खण उपसले, मागच्या खोलीतली पोती उलटी केली. मी पेटीतलं टपाल घ्यायला गेले तर गुडघ्यावर बसून कपाटाखाली हात घालत होती. अठ्ठावन्न वर्षांची बाई. म्हणाली, "वर्ना, चार तारखेला तू टाकलंस तेव्हा खिडकीवर मीच होते ना? मला पाकीट घेतल्याचं आठवतच नाही. मला विसर पडायला लागला की काय गं? आईला असंच झालं होतं." आणि रडायला लागली.

मी म्हटलं, "तूच होतीस."

एवढं बोलून मी घरी आले. रात्रभर पडून होते, डोळा लागला नाही.

कागद माझ्या स्वयंपाकघरात आहे. पुसायच्या टॉवेलांच्या खणात, तळाशी. चार तारखेला मी सही केली, हे खरं. पाकिटात घातला, पत्ता लिहिला, पोस्टात गेले, तिकीट घेतलं, चिकटवलंसुद्धा. मार्ज म्हणाली, "अजून काही?" मी म्हटलं, "नाही." आणि पाकीट परत कोटात घालून घरी आले. दुसऱ्या दिवशी टाकू म्हटलं. मग तिसऱ्या. दहा तारखेला संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर मी चहा केला.

आणि नोकरीचं. "नोकरीबिकरीचं काहीतरी" असं मी तुला लिहिलं होतं. खोटं. त्यानं मला सगळं नीट सांगितलं होतं. एक फेब्रुवारीपासून खाणीत, वेल्डर म्हणून, दातांचा खर्च, बाळंतपणाची रजा, म्हातारपणी पेन्शन. अट एकच, उरलेला हंगाम बोस्टॉककडून खेळायचं. "मावशी, शेतीची अवजारं जोडून पोर कसं वाढवू?" असं म्हणाला होता. तिसरा रोल त्यानं तसाच ठेवला तो त्यामुळे. मला सगळं माहीत होतं, लॉर्ना.

लिहायला बसलेच आहे तर आणखी एक. तू रेशी लग्न करून बोस्टॉकला निघालीस, तेव्हा कर्टिस चौदाचा होता. तुला वाटतं मी त्याला फितवलं. मी तेरा वर्षं म्हणत आले की पोराचंच मन नव्हतं. त्याचं मन होतं. त्यानं बॅग भरली होती. मी त्याला स्केट बांधून देताना म्हटलं, "तिथे तुला पहिल्या फळीत कुणी घेणार नाही, बाकावर बसून राहशील." एवढंच म्हटलं. त्यानं बॅग रिकामी केली.

बुधवारी लीगची बैठक मागितली आहे. तिथे सांगणार आहे.

ताई


१९ फेब्रुवारी

लॉर्ना,

सांगितलं.

बैठक माजी सैनिकांच्या लीजन हॉलमध्ये होती, आठही क्लबांची माणसं आलेली. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. मार्जचा काही दोष नाही, हे दोनदा सांगितलं. मग म्हटलं, चूक खेळाडूची नाही, सही चार तारखेची आहे, त्याला खेळू द्या.

बोस्टॉकचा अध्यक्ष माझ्या बाजूने बोलला. हो, तोच. म्हणाला, पोराला शिक्षा कशाला? आणि मेट्रो, माझा अध्यक्ष, टोपी हातात घेऊन टोपीच्या आत बघत बसला.

लीगचा प्रमुख ऑस्टबर्ग म्हणून आहे, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं नियमांचं पुस्तक काढलं, चष्मा लावला आणि वाचलं. "कोणत्याही कारणाने चालणार नाही." मग चष्मा काढून म्हणाला, "वर्ना, सप्टेंबरमध्ये याच हॉलमध्ये मी तुला विचारलं होतं, चिटणिसाकडूनच घोळ झाला तर? तू म्हणालीस, तर मग सगळे चिटणीस घोळ करतील. एकाला सवलत दिली की उद्या आठ जण रांगेत. मला तेव्हा ते पटलं होतं. आजही पटतंय."

माझेच शब्द.

सोडपत्र नामंजूर. वर आमच्या क्लबचे सहा गुण कापले. चौथ्यावरून सातव्यावर आलो, म्हणजे बाद फेरी गेली. एकोणीस वर्षांनी यंदा जमलं असतं. खाणीतली जागाही कर्टिससाठी थांबली नव्हती, ती दोन आठवड्यांपूर्वीच यॉर्कटनच्या एका गोलकीपरला दिली. हे मला बोस्टॉकच्या अध्यक्षानं गाडीपाशी सांगितलं, आवाज न चढवता. चढवला असता तर बरं वाटलं असतं.

म्हणजे मी खरं बोलून कुणाचं काही भलं झालं नाही. फक्त मार्जचं. तिला सांगायला गेले तर तिनं ऐकून घेतलं, म्हणाली, "म्हणजे माझं डोकं ठीक आहे?" मी म्हटलं, ठीक आहे. तिनं खिडकीवर 'बंद' ची पाटी लावली आणि मागे गेली. सकाळचे अकरा वाजले होते.

कॅफेत माझी खुर्ची शेजारच्या टेबलाला गेलीय. एल्मर उठून जवळ आला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "वर्नाबाई, तुम्ही केलंत ते आम्हा सगळ्यांना ठाऊकच होतं. सांगायची काय गरज होती?" खरोखर विचारत होता गं. त्याला कळतच नव्हतं. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. बोस्टॉकनं नियमाला वळसा घातला तर चोरी, आणि मी घातला तर बन. मी तरी काय वेगळी होते? वर्षभर न्याय न्याय करत त्या टेबलावर मूठ आपटत होते.

वही मेट्रोच्या दारात ठेवून आले. या वेळी त्यानं परत आणली नाही.

टान्या माझ्याशी बोलत नाही. कर्टिस "बरं" आणि "नको" एवढंच बोलतो. त्यानं तुला काय सांगितलं ते मला ठाऊक नाही. विचारायचा हक्कही नाही.

ताई


१२ मार्च

लॉर्ना,

कर्टिस बुधवारी फोर्ट मॅकमरीला गेला. तेलाच्या कामावर, तीन आठवडे तिकडे, एक आठवडा घरी. घर म्हणजे तुझ्याकडे, हे त्यानं तुला सांगितलंच असेल. टान्याचं सामान शनिवारी रे घेऊन गेला. मी जिन्यात उभी होते, रेनं मान हलवली. तेवढं पुरे होतं.

निघायच्या आदल्या दिवशी कर्टिस वर आला. मी भांडी घासत होते. तो टॉवेल घेऊन पुसायला लागला, न सांगता. लहानपणी पुसायचा तसाच, आतून कोरडी न करता. मी म्हटलं, "कर्टिस, मी तुझं वाटोळं केलं."

तो म्हणाला, "मला माहीत होतं, मावशी."

मला वाटलं, बैठकीनंतर कळलं म्हणतोय. म्हटलं, "हो, आता सगळ्यांनाच माहीत आहे."

"आता नाही. आठ जानेवारीला. टान्यानं दूध सांडलं म्हणून टॉवेल काढायला आलो. पाकीट खणात होतं. पत्ता लिहिलेला, तिकीट लावलेलं."

माझा हात पाण्यातच राहिला.

मी म्हटलं, "मग तू का नाही टाकलंस? दोन दिवस होते तुझ्याकडे! उचलायचं आणि पेटीत टाकायचं. मी काय अडवणार होते तुला?"

तो बराच वेळ एकच वाटी पुसत होता. मग म्हणाला, "टाकू शकलो असतो. पण मला वाटलं, तू टाकशील. म्हटलं उद्या टाकेल. दहा तारखेला कामावरून लवकर निघालो आणि पोस्टासमोर गाडी लावून बसलो. साडेतीनपासून. प्रत्येक वेळी राखाडी कोट दिसला की वाटायचं, आलीच ही. पाचला मार्जनं दिवे घालवले."

मग त्यानं टॉवेल घडी करून दांडीवर टाकला आणि खाली गेला. सकाळी मी उठले तेव्हा गाडी गेलेली होती.

लॉर्ना, मी तुला हॉकीबद्दल, मर्यादेबद्दल, लहान गावांबद्दल पानंच्या पानं लिहिली. त्यातलं काही खोटं नव्हतं, पण कागद त्यासाठी खणात गेला नाही. तू साठ किलोमीटरवर गेलीस आणि मला तेरा वर्षं कुणी 'ताई' म्हटलं नाही. हाही गेला की वर मी आणि खाली नवीन भट्टी, एवढंच उरणार होतं. मला भीती वाटली. दुसरं काही नव्हतं. इतकी साधी गोष्ट मला भांडी घासताना त्याला सांगता आली नाही. तो समोर उभा होता, हातात वाटी होती, आणि मी म्हटलं काय, तर "आतून ओली राहिलीय ती."

माझा फोन तो उचलत नाही. तुझा उचलतो. त्याला सांगशील?

ताई